आठीच्या भुवया रजेवर जातात

कागदोपत्री तिला एक चांगलं चार अक्षरी नाव होतं, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात उपयोगाला यायचं. बाकी जन्मभर ती आठीच. नाव बापाने ठेवलेलं. बाप जन्माचा बहिरा, आईही बहिरी, आणि बहिऱ्यांच्या जगात नाव ठेवायचं म्हणजे खरोखरच नाव ठेवायचं असतं. ज्याचं जे डोळ्यांत खुपेल ते त्याच्या गळ्यात बांधायचं. पोट सुटलेला तो ढोल, दात पुढे असलेली ती किसणी, आणि पुढे ढोल आजारी पडून वाळून काठी झाला तरी ढोल तो ढोलच. ही पोर जन्मली ती दोन भुवयांच्या मधे घडी घालून, जणू जगात येताना वाटेत कोणीतरी तिचा पाय तुडवला होता. बापाने दोन बोटांची चिमूट कपाळाच्या मध्यावर टेकवली आणि विषय संपवला.

पोरीला मात्र ऐकू यायचं. त्यामुळे बोलायला लागली तशी ती घरातला टेलिफोन झाली, दारावरची घंटा झाली, घरमालकाशी भांडायची वेळ आली की वकीलही झाली. मोठी झाल्यावर तिने त्याचाच धंदा केला. कोर्टात, इस्पितळात, जिथे म्हणून एक बहिरा आणि एक ऐकणारा समोरासमोर येऊन एकमेकांकडे बावळटासारखे बघत असतील, तिथे आठी मधे उभी राहायची आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायची. बाकीच्यांना यासाठी शिव्या पडतात, हिला पगार मिळायचा. संध्याकाळच्या बातम्यांत टीव्हीच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकोनात एक बाई भराभर हात हलवताना दिसायची, ती हीच.

आता हात हलवताना दिसायची असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं. खुणांच्या भाषेत हात शब्द सांगतात आणि वाक्य चेहरा सांगतो. 'तू जेवलास' आणि 'तू जेवलास का' यात हातांचं काम अगदी तेच. फरक भुवयांचा. भुवया वर गेल्या की उत्तर हो किंवा नाही द्यायचं. भुवया खाली येऊन एकमेकींना भिडल्या की प्रश्न मोठा आहे असं समजायचं: कोण, कुठे, कशाला. बोलणाऱ्यांच्या आवाजात जे चढउतार असतात ते सगळे बहिऱ्यांच्या कपाळावर असतात. आणि आठीचं कपाळ म्हणजे काय सांगावं! तिच्या एका आठीत कोर्टाच्या साक्षीदाराला घाम फुटायचा.

पण बातम्या बहिऱ्यांइतक्याच ऐकणारेही बघतात, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांच्या तक्रारी यायला लागल्या. 'कोपऱ्यातल्या बाई आमच्यावर का खेकसतात?' 'त्या मॅडमना घरी काही त्रास आहे का?' एकाने तर लिहिलं होतं की त्यांचा कुत्रा त्या चौकोनाकडे बघून गुरगुरतो. कार्यक्रमाचा निर्माता हा मिळमिळीत माणूस. त्याने ते सगळं तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "ताई, जरा हसरं राहता आलं तर बघा ना."

"धरण फुटल्याची बातमी हसत सांगू?"

"तसं नाही हो. पण थोडं... मऊ."

त्या दिवशी तिने स्टुडिओतल्या मोठ्या पडद्यावर स्वतःला पहिल्यांदा नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई आणि तिच्या भुवयांच्या मधे दोन उभ्या चरी, अशा की त्यात सायकलचं चाक अडकावं. घरी येऊन तिने नवऱ्याला विचारलं, "मी नेहमी चिडलेली दिसते का?" नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. संसाराला तीस वर्षं होत आलेली, तेव्हा असल्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका तो मूर्ख नव्हता. तो म्हणाला, "कॉम्प्रेसर आलाय का ते बघून येतो," आणि गेला.

नणंदेने मात्र उत्तर दिलं. नवऱ्याची ही धाकटी बहीण एका स्किन क्लिनिकच्या काउंटरवर बसायची आणि तिथल्या मालावर तिची पूर्ण श्रद्धा होती. तिचा स्वतःचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा होता. "वहिनी, पाच मिनिटांचं काम आहे. मुंगी चावल्यासारखं होतं. आणि घरच्या माणसाला सवलत आहे."

यावर कोणीही विचारेल की अहो, जिच्या पोटापाण्याची भिस्त भुवयांवर, तिच्या हे ध्यानात कसं आलं नाही? पण चालताना गुडघा वाकतो हे कोणाच्या ध्यानात असतं? आठीने भुवया कधी शिकल्याच नव्हत्या, त्या आपल्या आपण हलायच्या. तिला वाटलं, घडी जाईल आणि कापड राहील.

क्लिनिकमधली डॉक्टरीणबाई पंचवीसची होती की पंचेचाळीसची हे तिच्या आईलाही सांगता आलं नसतं. तिने आठीला खुर्चीत मागे रेलवलं, कपाळावर पेन्सिलीने ठिपके काढले, "चिडून दाखवा" म्हणाली, आणि समोर जे दिसलं त्याने स्वतःच दचकली. मग गप्पा मारत सुई टोचायला लागली.

"काम काय करता आपण?"

"दुभाषी आहे."

"अरे वा! कुठल्या भाषेची?"

आठीने तोंड उघडलं. "हलू नका, आता बोलू नका," डॉक्टरीण म्हणाली आणि तो प्रश्न तिथेच राहिला. भुवयांच्या मधे टोचलं, वर कपाळावरही ओळीने टोचलं, कारण नणंदेने बाहेरून ओरडून सांगितलं होतं की वहिनींच्या आडव्या रेघाही काढा. आज आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, एवढं बजावून तिला सोडलं.

घरी येईपर्यंत डोकं ठणकायला लागलं. नवऱ्याने पाहिलं, त्याला दया आली, आणि ज्या हातांनी तो गंजलेले नटबोल्ट उघडायचा त्याच हातांनी त्याने बायकोच्या कपाळाला बाम चोळून दिला. चांगला खसाखसा. आठीला इतकं बरं वाटलं की डॉक्टरणीचं बोलणं तिला बाम वाळल्यावर आठवलं.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी कपाळावर कोणी ओला टॉवेल ठेवल्यासारखं जड वाटायला लागलं. आठवडा उलटेपर्यंत कपाळ गुळगुळीत. आठी आरशासमोरून हलेना. चिडून बघितलं, काही नाही. घाबरून बघितलं, काही नाही. आपला नवरा फ्रिजखाली सापडला आहे अशी कल्पना करून बघितली, तरी कपाळावर शांतता, जशी काही विम्याची रक्कम आधीच मिळाली होती. नवरा म्हणाला, "झोप चांगली लागलेली दिसतेय." तिने ते स्तुती म्हणून घेतलं.

त्या संध्याकाळी बातम्यांत निवेदिकेने विचारलं, "शाळा सोमवारी सुरू होणार का? मंत्री राजीनामा देणार का? पाहूया थोड्याच वेळात." आठीचे हात नेहमीसारखे सफाईने चालले. भुवया हलल्या नाहीत. त्यामुळे शहरातल्या तमाम बहिऱ्यांना कळलं की शाळा सोमवारी सुरू होणार आणि मंत्री राजीनामा देणार. मंत्र्याच्या बातमीवर एका घरात मिठाई वाटली गेली. सोमवारी बहिऱ्या मुलांच्या शाळेच्या बंद फाटकासमोर डबे घेतलेल्या आयांची रांग लागली. मंत्री आपल्या जागी सुखरूप होता.

तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण मंगळवारी तिची उजवी पापणी खाली आली. पूर्ण नाही, अर्धी, दुकान बंद करता करता मालकाला गिऱ्हाईक दिसावं तशी. एरवी माणूस अशा वेळी भुवई वर ताणून पापणीला थोडा आधार देतो, पण भुवईच संपावर. त्या दिवशी एका थोर गृहस्थांच्या निधनाची बातमी होती. आठीने ती दिली तेव्हा पाहणाऱ्या सगळ्यांना वाटलं की कोपऱ्यातल्या बाईने डोळा मारला.

शनिवारी बापाची मंडळी लाँड्रीच्या मागच्या खोलीत जमायची. बाप छापखान्यात काम करून निवृत्त झालेला. तिथलं सगळ्यात मोठं मशीन त्याच्याकडे असायचं, कारण त्याच्या आवाजाने वेडा होणार नाही असा तो एकटाच होता. लाँड्रीवाला ढोलचा मुलगा. मागे इस्त्रीची वाफ, पुढे चहाचे कप, आणि मधे म्हाताऱ्या बहिऱ्यांचा असा गोंगाट की आवाज असता तर पोलीस आले असते. आठी आत शिरली तसे सगळे हात थांबले.

ढोल उठला, जवळ आला, तिच्या कपाळाकडे निरखून बघितलं आणि तळहात आपल्या कपाळावरून सपाट फिरवला. "फरशी," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे हातांनी म्हणाला. पुढेही तसंच समजावं.

खोली हसून लोळायला लागली. नाव बदलायचा ठराव मांडला गेला. किसणीने अनुमोदन दिलं. मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा बाप उठून उभा राहिला. "पोर माझी, नाव मी ठेवलंय. फरशी हवी तर आपापल्या घरी बसवून घ्या." मग मुलीकडे वळला. "काय करून घेतलंस हे?"

"इंजेक्शन. सुरकुत्यांचं. होईल ठीक."

"होईल ठीक का? की होईल ठीक? तू विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

"मग विचारतेस तेव्हा कशी विचारतेस?"

तिने प्रश्न करून दाखवला. बापाने मान हलवली. "हे तर छापखान्यात प्रश्नचिन्हाचे शिशाचे खिळे संपल्यासारखं झालं," तो म्हणाला.

आठी क्लिनिकला परत गेली. डॉक्टरणीने पापणी वर करून बघितली, उजेड मारून बघितला, एक एक करून विचारलं. दोन-दोन दिसतं का, गिळताना घास अडकतो का, श्वासाला त्रास? नाही, नाही, नाही. यातलं काही झालं तर थांबायचं नाही, सरळ मोठं इस्पितळ गाठायचं, असं तिने दोनदा सांगितलं. मग म्हणाली, "औषध थोडं खाली उतरलंय. कपाळ चोळलंत का?"

"नवऱ्याने बाम लावला."

"त्यानेही झालं असेल. कधीकधी काही न करताही होतं."

"मग याला उतारा?"

"उतारा नाही. हे थेंब देते, त्याने पापणी तेवढ्यापुरती किंचित उचलली जाईल. ती काही आठवड्यांत वर येईल. कपाळाला तीन-चार महिने लागतील."

तीन-चार महिने! आठीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिला त्या बाईच्या अंगावर ओरडायचं होतं, पण तोंड उघडेपर्यंत डॉक्टरणीने तिच्या चेहऱ्याकडे कौतुकाने बघितलं. "तुम्ही किती शांतपणे घेताय हो! बाकीचे पेशंट काय तमाशा करतात."

निर्मात्याने तिला रजा दिली. देताना म्हणाला, की मधल्या काळात तुमचं कौतुक करणारी पत्रं आली आहेत, कोपऱ्यातल्या बाई हल्ली किती प्रसन्न वाटतात म्हणून. त्यात कुत्र्याच्या मालकाचंही होतं.

रजेवर घरी बसलेल्या माणसाला घरच्यांची सुधारणा करायची हुक्की येते. आठीच्या हुक्कीला बापाची स्कूटर सापडली. म्हातारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि स्कूटरवर बसला की गप्पिष्ट. आता बहिऱ्याला गाडीवर गप्पा मारायच्या म्हणजे एक हात हँडलवरून काढावा लागतो आणि उत्तर बघायला मागे वळावं लागतं. मागच्या सीटवर बसणारा देवाचं नाव घ्यायचा. दुधाच्या टेम्पोला त्याने एकदा घासलं होतं आणि वर टेम्पोवाल्यालाच झापलं होतं की हॉर्न कशाला वाजवतोस, मला काय ऐकू येतंय?

डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती त्याला घेऊन गेली. हा मध्यमवयीन, घाईत असलेला डॉक्टर. त्याने दोन्ही डोळे तपासले, ऑपरेशन करायला हवं म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला. बापाने हात उचलले. "विचार त्याला, स्कूटर चालवू का?"

आठीने विचारलं.

"रात्रीची नको," डॉक्टर म्हणाला. "दिवसा, जवळपास, सावकाश चालवली तर हरकत नाही. पण ऑपरेशन लवकर करून घ्या."

आठी बापाकडे वळली आणि तिचे हात म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, स्कूटर बंद."

हे ती पहिल्यांदाच करत होती असं नाही. डॉक्टरने मीठ कमी सांगितलं की तिने मीठ बंद सांगायचं, फिरायला जा सांगितलं की तिने रोज पहाटे जा सांगायचं. कामावर असताना आपल्या पदरचं अक्षर घालणाऱ्या नव्या दुभाष्यांची ती हजेरी घ्यायची, पण बाप म्हणजे काही काम नव्हे. आणि त्यात धोकाही नव्हता, कारण बाप दरवेळी ओळखायचा. हात काहीही सांगोत, कपाळ खरं सांगून टाकायचं. मग तो गालात हसायचा आणि चवीपुरतं मीठ खायचा.

या वेळी त्याने सवयीने तिच्या कपाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

दवाखान्याच्या फाटकापर्यंत आठी खुशीत होती. बसमध्ये बसल्यावर बाप खिडकीबाहेर बघत राहिला आणि वाटभर त्याचे हात मांडीवर पडून राहिले, तेव्हा तिला पहिल्यांदा कसंतरी झालं. आता काय करायचं, सांगून टाकायचं? पण बस वळली, कोणीतरी पायावर पाय दिला, आणि ते राहूनच गेलं.

पुढेही ते राहतच गेलं. बाप तिच्याच घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत राहायचा. सकाळी स्कूटरवरचं झाकण काढायचा, फडक्याने तिचे नाकडोळे पुसायचा, झाकण घालायचा आणि पायरीवर बसायचा. लाँड्री दोन बस बदलून होती. आठी म्हणाली, मी टॅक्सीने सोडते. तो म्हणाला, "मी काय सामान आहे?" ढोल आणि किसणी एकदा येऊन गेले, पण दोघांनी मिळून बारा विनोद केले आणि याने एकही नाही, तेव्हा तेही लवकर उठले.

आठी रोज खाली उतरायची ती सांगायचंच असं ठरवून. हात वर उचलायची आणि हात भलतीकडे घसरायचे. "चहा घेणार?" ती विचारायची. पण भुवया नसल्यामुळे ते 'चहा घेणार' असं व्हायचं, आणि बाप हुकूम मानून चहा घ्यायचा. दिवसाला सात-आठ कप व्हायला लागले. शेवटी तिने प्रत्येक वाक्याच्या शेवटी हवेत बोटाने प्रश्नचिन्ह काढायला सुरुवात केली. बाप म्हणाला, "शाळामास्तरणीसारखी बोलू नकोस. त्यापेक्षा चहा पाज."

मधल्या काळात थेंबांचं काम संपलं, पापणी हळूहळू वर चढली. नवऱ्याने तिच्या कपाळाला बोट लावायचं पाप पुन्हा केलं नाही. उलट रस्त्यात कोणी 'वहिनी किती तरुण दिसता' म्हटलं की तो घाबरून म्हणायचा, "मी काही केलेलं नाही."

मग एका सकाळी दात घासताना आठीला आरशात डाव्या भुवईचं शेपूट थरथरताना दिसलं. ब्रश तोंडात तसाच धरून तिने पुन्हा प्रयत्न केला. थरथरलं! काही दिवसांत डावी भुवई कामावर रुजू झाली. उजवी अजून रजेवरच होती. एकच भुवई वर गेली की माणूस काहीही बोलला तरी टोमणा मारल्यासारखं दिसतं. 'शर्ट चांगला आहे' असं तिने नवऱ्याला सांगितलं, त्याने तो बदलून टाकला. नणंद भेटायला आली तेव्हा आठीने "ये, बैस" म्हटलं, तर ती दारातूनच परत जायला निघाली.

ऑपरेशनची तारीख ठरली त्या दिवशी ती खाली बापाला सांगायला गेली. बाप पायरीवर होता. ऐकून घेतलं, मग म्हणाला, "डोळे नीट झाले की तो डॉक्टर स्कूटर चालवू देईल?"

"बघू," आठी म्हणाली. "त्यांनीच बंद केलीय, तेच सांगतील."

आणि नेमकं तेव्हाच, इतके महिने आरशासमोर केलेल्या माकडचेष्टांना दाद न देणारं कपाळ हललं. दोन भुवया आत सरकल्या. मधे एक बारीक, फिकी, पण स्पष्ट घडी पडली.

बापाचा चेहरा उजळला. त्याने पुढे होऊन अंगठ्याने ती घडी चाचपली. "आली!" तो म्हणाला. "आली बघ तुझी आठी!" तो आनंदाने हसला, तिच्या गालावर थापट मारली, आणि मग त्याचा हात तिथेच थांबला. "पण आता कशाला आली?"

आठीने हाताने कपाळ झाकलं.

"डॉक्टर म्हणाला होता, की तू?"

तिने हात मांडीवर ठेवले. बहिऱ्यांच्या घरात यापेक्षा मोठी शांतता नसते.

"मी," ती शेवटी म्हणाली. "दिवसा चालेल म्हणाले होते. तू एक हात सोडून चालवतोस. मला भीती वाटते. मी..."

पण बापाने डोळे मिटून घेतले होते. भांडण संपवायचा हा बहिऱ्यांचा उपाय. ऐकणाऱ्याला कान बंद करता येत नाहीत, बहिरा माणूस डोळे मिटतो आणि समोरचा मुका होतो. आठीने त्याच्या गुडघ्यावर टिचक्या मारल्या, खांदा हलवला, पाय आपटला. म्हातारा डोळे घट्ट मिटून बसून राहिला, ओठ दाबून, लहान मुलासारखा. ती तिथेच पायरीवर बसली. पलीकडच्या घरातली बाई कपडे वाळत घालत होती, तिचे सगळे चिमटे लावून झाले तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले.

"तुझ्या आईच्या वेळी," तो म्हणाला, हात अगदी लहान, छातीपाशी धरून, "इस्पितळात तू मला सांगितलंस, बरी होईल. हातांनी सांगितलंस. पण कपाळाने खरं सांगितलंस. म्हणून मला कळलं. म्हणून मी छापखान्यातून रजा काढली आणि तिच्याजवळ बसलो. ती जाईपर्यंत आम्ही दोघं रोज बोललो. नाहीतर मी मशीनवरच राहिलो असतो." त्याने एक बोट तिच्या दिशेने केलं. खुणांच्या भाषेत अहोजाहो नसतं, रागातही नसतं आणि मायेतही नसतं. "तू खोटं बोलतेस याचं मला काही नाही. सगळेच बोलतात. पण मला दिसायला हवं."

आठी रडली. भुवया अर्धवट कामावर असल्यामुळे ते रडणंही थोडं उपरोधिक दिसलं असावं, कारण बाप मधेच म्हणाला, "हे खरं आहे ना?"

एवढं झाल्यावर म्हाताऱ्याने तिच्यावर विश्वास टाकावा की नाही? नाही टाकला. दुसऱ्या दिवशी तो एकटाच, दोन बस बदलून, कागद-पेन घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. कागदावर प्रश्न लिहिला, 'मी स्कूटर चालवू का?' डॉक्टरने खाली उत्तर लिहून दिलं. जन्मभर छापखान्यात लोकांची गिचमीड पाहिलेला माणूस, पण ते अक्षर त्याला लागेना. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात कागद आठीसमोर धरला. तिलाही लागेना. नवऱ्याने भिंग लावून बघितलं, त्याला ते फ्रिजच्या वायरिंगसारखं दिसलं. शेवटी तिघे मिळून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले. त्याने एका नजरेत वाचलं, "दिवसा चालेल. सावकाश." आणि विचारलं, "याची गोळी हवी की सिरप?"

किल्ली परत मिळाली, पण इतके महिने उभी राहिल्याने स्कूटर चालू होईना. नवऱ्याने किका मारल्या, आठीने गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली, बाप वर बसून दोन्ही हात सोडून सूचना देत होता.

उजवी भुवई त्यानंतर दोनेक आठवड्यांनी परतली. आठी पुन्हा कोपऱ्यातल्या चौकोनात उभी राहिली. पहिल्याच दिवशी निवेदिकेने विचारलं की पाणीकपात वाढणार का, आणि आठीने भुवया अशा उंचावल्या की किसणीने घरी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी निर्मात्याकडे तक्रार आली. त्याने ती दाखवायला आणली, तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं, आणि तो कागद घेऊन माघारी गेला.

बापाचं ऑपरेशन छान झालं. पट्टी काढली तेव्हा आठी समोर बसली होती. त्याने डोळे किलकिले केले, उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे डोळे कपाळात गेले.

"अगं, केवढ्या सुरकुत्या या! डोळ्यांपाशी, गळ्याला, सगळीकडे! एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू आधी आरसा बघ," आठी म्हणाली.

नर्सने आरसा दिला. बापाने बघितलं. मोतीबिंदूच्या धुक्यात गेली काही वर्षं त्याने स्वतःला बरंच तरुण ठेवलं होतं, ते एका क्षणात संपलं. आरसा उलटा करून त्याने मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "ते तुझं इंजेक्शन पुरुषांना देतात?"

आठीला डोळ्यांच्या कडांचं तरी करून घ्यावं असं मनात होतंच, तिथे काही व्याकरण नसतं. तिने नणंदेला फोन केला आणि बापलेक दोघं गेली. डॉक्टरणीने आठीचं काम या वेळी आधी नीट विचारून घेतलं, कपाळाला हात लावणार नाही म्हणाली. मग बापाचा गळा आणि गाल दोन बोटांनी उचलून पाहिले, सोडले, पुन्हा उचलले. आजोबांना याचा उपयोग होणार नाही, असं तिने शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. आठीने ते जसंच्या तसं सांगितलं, आणि बापाने तिच्या कपाळावर खात्री करून घेतली.

पुढचा महिनाभर तो लाँड्रीत सगळ्यांना सांगत होता की विज्ञान अजून फार कच्चं आहे.